चाल माय, घरी

साहेब, तुम्ही खोटं बोललात. आरोग्य कार्यालयात पंख्याखाली बसून, चहाचा कप बशीत ठेवता ठेवता तुम्ही आम्हा बायांना सांगितलंत, "त्या प्रसूतिगृहातून आजवर एकही तक्रार आलेली नाही." आली नाही हे खरंच. का आली नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि ते तुम्ही चहाबरोबर गिळलंत. म्हणून आता पहिल्यापासून लिहिते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे.

वैभवी माझी नणंद. पहिलं बाळंतपण, म्हणून रिठदहून शेलूबाजारला माहेरी आली होती. हळद उकळायचे दिवस होते. गावाबाहेर कढया पेटलेल्या आणि घराघरात तो ओला, मातकट वास. वैभवीला त्या वासानं मळमळायचं आणि हसूही यायचं. "वैनी, पोट्टी पिवयीच निंगन, पाह्यजो," म्हणायची. मी शिवणयंत्रावर बसले की ती शेजारी बसून चिंध्यांची बारकी झबली कापायची. मुलगीच होणार हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

कळा सकाळी सुरू झाल्या. दुपारी तिला आत घेतलं. मलाही घेतलं, कारण आयाबाई जेवायला गेली होती आणि पाय धरायला कुणीतरी हवं होतं. खोलीत हिरव्या रेक्झिनचं टेबल, फाटल्या जागी चिकटपट्टी. फिनेलचा वास. कोपऱ्यात गळका नळ. आणि मोठ्या बाई. त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात. बाळंतपणं त्याच करतात.

वैभवी पहिल्यांदा "आई वं" म्हणाली आणि मोठ्या बाईंनी तिच्या उघड्या मांडीवर चापट मारली. नुसती चापट नाही. पाच बोटं उठली.

"चूप! नवऱ्याजोळ जाताना वरडली होती काय?"

"मारता कायले, बाई?" मी म्हटलं.

"तुले बाहेर काढू काय? मंग धरजो तिचे पाय रस्त्यावरून."

मी तिला एकटी सोडणार नव्हते. बाई परत वैभवीकडे वळल्या. तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, अगदी हळू म्हणाल्या, "या खोलीत आवाज नाई पाह्यजे. बाहेर आवाज गेला नाई पाह्यजे. वरडायचंच असन त पहिले विचारायचं. मी हो म्हटलं त वरडायचं."

वैभवीनं विचारलं नाही. तिनं माझी ओढणी तोंडात धरली आणि दातांनी फाडली. ती ओढणी अजून घरात आहे. शिवली नाही.

मुलगी झाली. गोरीगुलाबी, डोळे उघडे, श्वास सुरळीत. बाईंनी तळव्यांना टिचक्या मारल्या, पाठ चोळली. पोरीनं चेहरा आक्रसला, मूठ आवळली, तोंड उघडलं. सगळं रडण्यासारखंच.

आवाज नाही.

मी नळाची टपटप ऐकत होते. वैभवी मान उचलून पाहत होती. "वैनी, रडली काय वं?"

"शहाणी हाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "मायपेक्षा शहाणी."

निघतानाची एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या सासूबाईंची, विजयमालाबाईंची, एक सवय आहे. लहान मूल घेऊन कुठूनही निघायचं, शेतातून, पाहुण्यांकडून, देवळातून, तर त्या उंबऱ्यावर थांबतात, मागं वळतात आणि मोठ्यानं हाक मारतात, "चाल बापू, घरी. मागं राहू नको." का, असं विचारलं तर म्हणतात, पोरांचं काही सांगता येत नाही, अर्धं येते अन् अर्धं तिथंच खेळत राह्यते. विकासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अजून या वयातही त्या तशी हाक मारतात आणि तो ओशाळतो.

त्या दिवशीही सासूबाई नातीला घेऊन त्या खोलीच्या दारात थांबल्या. वळल्या. "चाल मा..." एवढंच झालं. आतून मोठ्या बाई म्हणाल्या, "आवाज नाई." सासूबाईंनी हाक गिळली. आम्ही जीपमध्ये बसलो.

घरी आल्यावर पोर दूध प्यायची, झोपायची, बोट घट्ट धरायची. ओव्याच्या धुरीवर धरली की डोळ्यांतून पाणी यायचं, तोंड उघडायचं. आवाज नाही. काशाची थाळी वाजवली तर दचकून तिकडं बघायची. ऐकू येत होतं. वाशीमच्या डॉक्टरांनी गळा पाहिला, छाती पाहिली, म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. रडेल."

वैभवीनं तिच्या पायात काळ्या दोऱ्याला घुंगरं बांधली. भूक लागली की पोर पाय झाडायची, घुंगरं वाजायची, वैभवी उठायची. मी म्हटलं, "पाह्य बाप्पा, पैंजण वाजवून मायले बोलावते, राणीच हाय." वैभवी हसली. खूप दिवसांनी.

मग एका सकाळी सासूबाईंनी गार वारा म्हणून पोरीला पायासकट गुंडाळून ठेवलं. गोधडी तोंडावर सरकली. घुंगरं वाजली नाहीत. वैभवी शेजारीच पाठ करून झोपली होती. तिला जाग आली ती चोळी दुधानं भिजली म्हणून. वळून पाहते तर पोरीचे ओठ निळे. गोधडी काढली, उचलली, मी फुंकर घातली. पोरीनं श्वास घेतला. तोंड उघडून, आवाज न करता, ती कितीतरी वेळ रडली.

त्या दिवसापासून वैभवी झोपेनाशी झाली. भिंतीला टेकून बसायची, पोरीच्या पायावर हात ठेवून. "वैनी, उद्या हे रांगन. इहिरीजोळ जाईन. पडली त मले कसं समजन वं?"



दीड महिन्याच्या लसीला आम्ही अंगणवाडीत गेलो. उन्हं तापली होती. आत सतरंजीवर बाया बसलेल्या, मांडीवर पोरं. पहिल्या पोराला सुई टोचली, त्यानं छप्पर डोक्यावर घेतलं. ते अकोल्याला झालेलं. सगळ्या हसल्या, आईनं पाजून त्याला गप्प केलं. मग त्रिशलाची पाळी, आमच्या बाजारातल्या किराणा दुकानवाल्यांची सून. तिच्या मुलाच्या मांडीत सुई गेली. त्यानं तोंड उघडलं. आवाज नाही. मग आमची. आवाज नाही. मग आणखी एक. आवाज नाही.

लस देणारी नर्स सुई हातात धरून थांबली. बायांची कुजबुज बंद झाली. मांड्यांवर पोरं लाल होऊन, मुठी आवळून रडत होती आणि खोलीत फक्त आमच्या पोरीची घुंगरं वाजत होती.

त्रिशलानं वैभवीकडे पाहिलं. "तुझी कुठं झाली?"

वैभवीनं नाव सांगितलं. त्रिशलानं आपल्या मांडीवर हात ठेवला, अगदी त्याच जागी. "आवाज नाही पाहिजे, असंच ना?"

"असंच."

भिंतीशी केशरबाई बसल्या होत्या. अनसिंगच्या, पण आता नातवाला घेऊन आमच्याच गावात लेकीकडे आलेल्या. त्यांची सून रत्नमाला त्याच रुग्णालयात बाळंतपणातच गेली. अंगावरून रक्त जात राहिलं आणि सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. तिसरं मुकं पोर म्हणजे त्यांच्याच मांडीवरचा हा नातू. "बाई म्हणल्या, लय गुणाची होती," त्या म्हणाल्या. "एक आवाज नाई केला म्हणे."

त्याच आठवड्यात आम्ही तुमच्याकडे आलो, साहेब. चापटीचं सांगितलं. पोरांचं सांगितलं. केशरबाईंनी रत्नमालाचं सांगितलं. तुम्ही तक्रारीचं ते वाक्य बोललात आणि वर म्हणालात, "बाळंतपणात बायांना भास होतात."

परत येताना जीपमध्ये सासूबाई एकदम म्हणाल्या, "पोट्टी तिथंच राह्यली."

"कोण पोट्टी?"

"हाक नाई मारली म्या. पुरी मारूच नाई देल्ली."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. सासूबाई, वैभवी, त्रिशला, केशरबाई, मी आणि तीन पोरं. रुग्णालयात शुकशुकाट होता. मोठ्या बाई त्या खोलीबाहेर स्टुलावर बसल्या होत्या. गाल बसलेले. दोन्ही कानांत कापूस. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते, पण त्यांनी आम्हाला अडवलं नाही.

"आल्या?" म्हणाल्या. "घेऊन जा आपापलं. मले झोपू नाई देत."

"काय घेऊन जाऊ?"

त्यांनी कापूस बोटानं आत दाबला.

खोली धुतलेली होती. फरशी ओली. टेबल रिकामं. नळ गळतच होता.

सासूबाईंनी हाक मारली. "चाल माय, घरी. मागं राहू नको."

काही नाही.

"तू मार," त्या वैभवीला म्हणाल्या. "मायची ऐकन."

वैभवीनं तोंड उघडलं. पुटपुटली. मी म्हटलं, "मोठ्यानं." तिनं दाराकडे पाहिलं, मोठ्या बाईंच्या पाठीकडे. मग ती टेबलाजवळ गेली आणि त्या रेक्झिनवर तळहात ठेवला.

आणि ओरडली.

हाक नव्हती ती. त्या दुपारी ओढणीत कोंबलेलं सगळं होतं. खिडकीची काच थरथरली. अंगणातली कबुतरं उडाली. ओरडता ओरडता त्यातून शब्द आले, "चाल माय, घरी! चाल माय!"

आणि माझ्या खांद्यावर पोर रडली.

बारीक, चिरका, रागीट आवाज. जन्मल्या जन्मल्या असतो तसा. वैभवीनं तिला घेतलं आणि खाली फरशीवरच बसली. "रड माय. रड. कोनी नाई काई म्हणत," ती म्हणत होती, आणि सासूबाई दोघींच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. मग त्रिशलानं तिच्या मुलाला हाक मारली. तिचंही पोर रडलं. दोन पोरं गळा काढून रडत होती आणि आम्ही हसत होतो.

केशरबाईंनी हाक मारली. "चाल राजा, घरी."

नातू गप्प.

पुन्हा मारली. पुन्हा मारली. मीही मारली. पोराचे डोळे टेबलाकडे लागलेले.

सगळ्या बाहेर गेल्या. केशरबाई नातवाला घेऊन दारात थांबल्या. आमच्या पोरीच्या पायातलं घुंगरू टेबलाखाली पडलं होतं, ते घ्यायला मी वाकले.

वरून आवाज आला. बाईचा. दमलेला, अदबीचा.

"बाई, आता वरडू काय?"

मी उठले. टेबल रिकामं होतं.

"रत्ना," केशरबाई म्हणाल्या. त्यांनी ओळखला.

"वरड माय," मी म्हटलं. "वरड, कोनी नाई काई म्हणत."

थोड्या वेळानं, तेवढ्याच अदबीनं, "बाई, आता वरडू काय?"

मी मोठ्या बाईंना हाताला धरून आत आणलं. कापूस मी स्वतः काढला. त्यांना मी माफ केलेलं नाही, पण तेव्हा त्यांचा हात बर्फासारखा होता. त्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वरड, पोरी. हो म्हणते मी. वरड."

नळ गळत राहिला.

"बाई, आता वरडू काय?"

"माह्या हातात नाई," मोठ्या बाई रडत म्हणाल्या. "मलेबी वरूनच सांगतलं होतं. आवाज बाहेर नाई पाह्यजे."

वरून म्हणजे कुठून, साहेब?

तेव्हापासून आम्ही अधूनमधून जातो. रत्नमालाला जोंधळ्याच्या लाह्या आवडायच्या म्हणून केशरबाई पदरात आणतात, टेबलावर ठेवतात, सुनेशी बोलत बसतात. शेताचं, म्हशीचं, पोराचं. मग ती विचारते. आम्ही हो म्हणतो. ती आमचं ऐकत नाही.

नातू अजून मुका आहे. आता पालथा पडू लागलाय. केशरबाईंना रात्री दिसत नाही.

काल आम्ही गेलो तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. तिनं विचारलं. मी खाली पाहिलं. पोराला अजून दात नाहीत, शब्द नाहीत. पण त्याचे ओठ तिच्या शब्दाशब्दाला हलत होते.

दार उघडंच ठेवलंय. या, तिच्यासमोर उभे राहा, आणि तुमच्या तोंडानं सांगा, साहेब. हो की नाही?