सोमवारचं मौन

"डबे भरले, पाणी भरलं. आता मुत्याचा हार झाला की त्यांना सांगून निघायचं," ऋतुराजनं सायकलची घंटी वाजवत जाहीर केलं.

सुट्टीतल्या सगळ्या मोहिमांची कप्तान म्हणजे त्याची मोठी बहीण अंकिता. ती घड्याळ बघत होती. सव्वादहा! हिप्परगा तलावावरचे पक्षी काय यांची वाट बघत बसणार होते? मुत्या म्हणजे त्यांचे आजोबा, सिद्धाप्पा. गेली वीस वर्षं ते दर सोमवारी उठल्यापासून मौन धरत, कट्ट्यावर बसून सिद्धेश्वरासाठी मोगऱ्याचा हार गुंफत आणि हार पुरा झाला की मगच बोलत. तोवर कुणी त्यांच्या वाटेला जायचं नाही, असा घरचा दंडक होता.

अंकितानं हळूच डोकावलं. हार निम्माच झाला होता. मुत्याचा उजवा हात मांडीवर नुसता पडला होता आणि ओठांचा एक कोपरा खाली ओघळला होता. शाळेत आलेल्या डॉक्टरांनी पक्षाघात ओळखायला शिकवलं होतं. चेहरा बघा, हात बघा, बोलणं बघा आणि वेळ घालवू नका.

"मुत्या, दोन्ही हात वर करा बघू."

डावा वर गेला. उजवा हललाच नाही.

"तुमचं नाव सांगा."

"अगं बाई, मौन हाय त्यांचं. मोडू नको," म्हणत नागव्वा आजी धावत आली.

मुत्यानं आजीकडे पाहिलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच हार पुरा होण्याआधी बोलायला तोंड उघडलं. नुसताच घोगरा आवाज निघाला. त्यांचे डोळे भरून आले. अंकितालाही रडू फुटलं, पण तिनं ते गिळलं.

"अंगावरनं वारं गेलंय," बसवराज काका म्हणाले. "गाडी काढतो. लकव्याला तेल लावणारा एक जण हाय माझ्या ओळखीचा. तासाभराची वाट."

"तेल नको, काका, दवाखाना! ऋतुराज १०८ ला फोन लावतोय. आणि पाणी पाजू नका, घशात अडकेल."

दवाखान्यात मेंदूचा फोटो काढून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "रक्ताची गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आजोबा शेवटचे नीट कधी होते?"

"रात्री जेवताना बोलले की. सकाळपासनं मौनच," आजी म्हणाली.

"रात्रीपासून धरलं तर मला देता येणार नाही."

अंकिता विचार करू लागली. मौनातला माणूस बोलत नाही, पण हातानं कामं करतोच. आज सकाळी मुत्याजवळ कोण गेलं असेल? फुलं! शेजारची पायल रोज फुलं आणून देते. अंकितानं तिला फोन लावून आवाज मोठा केला.

"आठच्या बातम्या लागल्या तवा दिली मी फुलं," पायल म्हणाली. "मुत्या हसले. उजव्या हातानं गालगुच्चा घेतला माझा. लई जोरात."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. "वेळ आहे अजून," म्हणत त्या आत पळाल्या.

संध्याकाळी पायलही दवाखान्यात आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिघा मुलांना जवळ बोलावलं. "मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं. शाब्बास."

काका मान खाली घालून म्हणाले, "मी त्यांना तेलवाल्याकडं न्यायला निघालो होतो, पोरांनो."

अंकिता आत गेली. तिनं मुत्याच्या उजव्या तळव्यात आपलं बोट ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग ती थकलेली बोटं हलली आणि तिच्या बोटाभोवती मिटली.

"आजी," ती म्हणाली, "मुत्यानं धरलंय मला."