रापणीतले बांगडे कुठे गेले?

सकाळभर ओढलेल्या रापणीत (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यात) शेवाळ, जेलीफिश आणि बोटभर लांबीचे थोडे बांगडे निघाले. हर्षाली कुबलचे बाबा रापणीचे तांडेल, म्हणजे प्रमुख. ते वाळूवर मटकन बसले. "दर्यात मासोच रवलो नाय. आता रापण बंद."

हर्षाली जाळ्यातले बांगडे मोजू लागली. एवढे मासे गेले तरी कुठे?

तिची नयनाआत्या सागरशास्त्रज्ञ होती. हर्षालीचा निरोप मिळताच ती 'सुरमई'ला घेऊन आली. ही सुरमई म्हणजे माशासारखा पोहणारा यंत्रमानव. तिच्या पोटात संवेदक (पाण्याचं तापमान, प्राणवायू, माशांचे थवे टिपणारी उपकरणं) होते आणि कॅमेराही. आठवडाभर ती समुद्रात फिरली.

ती परतल्यावर पडद्यावर नकाशा उमटला. किनाऱ्याजवळचं तापलेलं पाणी लाल, खोलातलं गार पाणी निळं. बांगड्यांचे विरळ थवे निळ्यात होते.

आत्याने सोड्याच्या दोन बाटल्या उघडल्या. फ्रीजमधली जराशी फसफसली. उन्हातली उतू गेली.

"पाणी तापलं की त्यात विरघळलेला वायू निसटतो," आत्या म्हणाली. "समुद्रातला प्राणवायूही असाच कमी होतो. त्यात गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो. मग तो गारव्याकडे जातो."

"पण तिथेही थवे विरळच आहेत," हर्षाली म्हणाली.

"आणि ते रातीचे दिवेवाले बोटीवाले? तेंचा काय?" बाबांनी मागून विचारलं.

"तेही दिसले, दादा." आत्याने चित्रण लावलं. बंदी असलेल्या भागात बोटींचे प्रखर दिवे, उजेडाकडे झेपावणारी पिल्लं, बारीक भोकांची जाळी. "अंडी घालायच्या आधीच पिल्लं संपतात. उष्म्याने मासे लांब गेले आणि या बोटींनी त्यांची पुढची पिढी उचलली. दोन्ही खरं आहे."

बाबांनी उठून रापणीच्या सगळ्या गड्यांना बोलावलं. चित्रण गस्तीपथकाकडे गेलं आणि दिव्यांच्या बोटी पकडल्या जाऊ लागल्या. गावानेही आपल्या जाळ्यांची भोकं मोठी केली, पिल्लं निसटावीत म्हणून. सुरमई समुद्रात फिरतच राहिली आणि हर्षाली रोज तिचा नकाशा वाचायची. किनाऱ्याजवळ पाणी निवलं की बाबा रापण लावायचे.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी दोर जड लागले. पूर्वीइतके नाही, पण जाळ्यात वीतभर लांबीचे बांगडे चमकत होते.

"ये गो," बाबांनी लेकीला हाक दिली, "ओढूक लाग."