लच्छूच्या पाठाला मुका झालेला वर्ग

लच्छूने चौथ्यांदा प्रश्न विचारला आणि चौथ्यांदाही आठवीच्या वर्गातून एकही हात वर आला नाही.

"त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून काय झालं? सांगा ना रे!"

पोरं मूग गिळून बसली होती. लच्छूच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मागच्या बाकावर नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी, देवपुजारींनी, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

शेजारी बसलेल्या इंदुताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हायस्कुलात गणित कसं शिकवावं, हे त्या चांद्याच्या बी.टी. कॉलेजात होऊ घातलेल्या मास्तरांना शिकवत. लच्छू आत्राम त्यांचा विद्यार्थी, अहेरीकडच्या जंगलातून आलेला माडिया आदिवासी. परीक्षेचा पाठ एकदाच. त्यात नापास झाला की शिष्यवृत्ती बंद, बी.टी. संपली, आणि त्याच्या भागातल्या नव्या हायस्कुलाला गणिताचा मास्तर मिळायचा तोही मिळणार नाही.

सरावाच्या पाठांना याच पोरांनी "मी सांगतो, मी सांगतो" करत वर्ग डोक्यावर घेतला होता. तेव्हा वर्गाचे मूळ मास्तर भैयाजी छडी बगलेत मारून चहाला निघून जात. आज परीक्षक होते, म्हणून त्यांनी छडी फळ्याशेजारच्या खुंटीला अडकवली आणि सभ्यपणे मागे येऊन बसले.

घंटा झाली. इंदुताई बाकांमधून फिरल्या. पळसाच्या पानांचे त्रिकोण कापून पोरांनी तिन्ही कोपरे फाडले होते, आणि प्रत्येकाने ते सरळ रेषेत नीट जुळवले होते. म्हणजे पोरांना समजलं होतं. मग तोंडाला कुलूप कोणी घातलं?

चहाच्या वेळी भैयाजी मास्तर बगलेतली छडी सावरत खुर्चीत टेकले.

"बाई, मी तर आधीच म्हणलो होतो. मी वर्गाबाहेर गेलो तरी माझी पोरं हूं की चूं करत नाईत. हे शिस्त जंगलातल्या पोराले कुठून येईल?"

"शिस्तीचं नाही, उत्तरांचं बोलतोय आपण," इंदुताई ताडकन म्हणाल्या.

दुसरा पाठ लच्छूसोबत शिकणाऱ्या कमळाचा, त्याच वर्गावर. तिने पहिला प्रश्न विचारला आणि पंचवीस हात वर गेले. लच्छू दाराशी उभा होता. त्याचा चेहरा पाहून इंदुताईंना रडू कोसळेल असं वाटलं, आणि त्याचाच त्यांना आणखी राग आला.

पाठ संपताच त्यांनी कमळाला गाठलं.

"तू पोरांना काही दिलंस? काही सांगितलंस?"

"नाई बाई! लच्छूभाऊचं नुकसान करून मले काय भेटनार हाय?"

ती खरं बोलत होती. इंदुताई पहिल्या बाकावरच्या, झाडू नावाच्या पोराकडे वळल्या.

"लच्छूसरांपुढे बोलू नका, असं कोणी सांगितलं?"

"कोनी नाई, बाई."

"आईची शपथ?"

"आईची शपथ. कोनीच नाई."

"सर आवडत नाहीत?"

"लय आवडतात!" झाडूचे डोळे भरून आले.

"मास्तर बाहेर जातात तेव्हा वर्गावर लक्ष कोण ठेवतं?"

झाडूने मान खाली घातली. मग फळ्याशेजारच्या खुंटीकडे बघत त्याने नुसता हात पुढे केला. तळव्यावर वळ होते.

इंदुताईंनी देवपुजारींना वर्गातच थांबवून घेतलं. लच्छूला आत बोलावलं आणि बगलेत छडी घेतलेल्या मास्तरांपुढे हात केला.

"छडी द्या."

मास्तर चपापले, पण परीक्षकांसमोर नाही कसं म्हणणार? इंदुताईंनी छडी खुंटीला अडकवली.

"साहेब, यांना सोप्यात सोपं काहीतरी विचारा."

"सात आणि आठ किती?" देवपुजारींनी विचारलं.

चिडीचूप. आठवीची पोरं!

इंदुताईंनी छडी काढली. "आता?"

"पंधरा!" अख्खा वर्ग ओरडला.

"मास्तर बाहेर जाताना छडी खुंटीला टांगतात; ती तिथे असली की जो बोलेल त्याला मार. हा या वर्गाचा कायदा आहे, साहेब. म्हणून कोणाला काही सांगावंच लागलं नाही. पोरं खोटं बोलली नाहीत, मास्तरांनाही तोंड उघडावं लागलं नाही. सरावाच्या एकाही पाठाला छडी इथे नव्हती. कमळाच्या पाठाला ती मास्तरांच्या बगलेतच होती. टांगली फक्त लच्छूच्या पाठाला."

"छडी टांगनं गुन्हा हाय काय?" भैयाजी मास्तर उसळले.

"मग चहाला जाताना काढलीत काऊन?" रागाच्या भरात इंदुताईंच्या तोंडून आपल्या गावची, वरोऱ्याची बोली बाहेर पडली.

मास्तर लालबुंद झाले. "वीस वर्षं हाडं झिजवली या वर्गात! अन् पोरं मलेच इचारतात, मास्तर, तुम्ही लच्छूसरांवानी काऊन नाई शिकवत? काल आलेला हा माडिया मले गनित शिकवनार?"

देवपुजारींनी घड्याळ पाहिलं. गाडीची वेळ होत आली होती.

"नियमानं पाठ एकदाच," ते पुटपुटले.

"तो झालाच कुठे? वर्ग बांधून ठेवला होता!"

देवपुजारींनी लिहिलेला कागद टरकावला. "आत्राम, पाठ घ्या. गाडी गेली तर गेली. मास्तर, तुम्ही बाहेर व्हा."

"नाई साहेब," लच्छू पहिल्यांदाच बोलला. त्याचा आवाज संतापाने थरथरत होता. "मास्तर इथीच बसतील. पहिल्या बाकावर."

झाडू सरकला. परीक्षकांनी नजरेनेच बजावलं, तेव्हा मास्तर कसेबसे त्या बाकात मावले. लच्छूने पहिला प्रश्न त्यांनाच विचारला.

मास्तर गप्प. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता.

"चुकलं तरी चालते, मास्तर. बोला," लच्छू म्हणाला. "माह्या वर्गात कोनी मारत नाई."