आत्या अजून ड्यूटीवर आहे

काम अगदी फुटकळ होतं. दुपारी इस्पितळात जायचं, एक खातं बंद करायचं आणि चहाच्या वेळेला ऑफिसात परत यायचं.

तिथल्या नर्सेससाठीचं ॲप मीच लिहिलं होतं. प्रत्येक बेडची नाडी, श्वास, औषधं मोबाइलवर नोंदवायची. सुरुवातीला ॲप उघडलं की दर वेळी पासवर्ड मागायचं. त्यावरून पहिली अंगावर आली ती माझीच आत्या, त्या वॉर्डाची मुख्य नर्स.

"समोर माणूस धापा टाकतोय आणि मी पासवर्ड आठवत बसू? एकदा आत घेतलंस ना, मग मी जाते म्हणेपर्यंत मला बाहेर काढायचं नाही."

मग मी तशी सोय केली. साइन इन केलं की सर्व्हर फोनला एक गुप्त खूण देतो. ॲप उघडलं की फोन ती दाखवतो आणि नवी घेतो. तीस दिवस ॲप उघडलंच नाही, तर खूण आपोआप मरते.

आत्या गेली त्याला सात महिने झाले होते. तिचं खातं अजून साइन इन होतं.

"तिचा फोन कुणीतरी वापरतंय," साहेब म्हणाले. "जा आणि बंद करून ये."

मी मान डोलावली. फोन माझ्याच कपाटात आहे आणि त्यातली फुगलेली बॅटरी मीच काढून टाकलीय, हे काही बोलले नाही.

वॉर्डात जेवणानंतरची सुस्ती होती. फिनेलचा वास, पडद्यांतून झिरपणारा पिवळट उजेड, ऑक्सिजनचा बारीक फुसफुसाट. मी लॅपटॉप उघडला तशी पाळीवरच्या नर्सनं खुर्ची जवळ ओढली.

"मोठ्या सिस्टरांचं खातं ना?" ती हळूच म्हणाली. "नका बंद करू..."

तेवढ्यात स्क्रीनवर नोंद उमटली. आत्याच्या नावानं. बेड नऊ, नाडी अडतीस, वेळ तीन वीस. भिंतीवरच्या घड्याळात तीन दहा झाले होते.

नऊ नंबरचे आजोबा उशीला टेकून बायकोशी शब्दकोड्यावरून हुज्जत घालत होते. नर्स तरीही लगेच उठली. डॉक्टरांना फोन लावला, इंजेक्शनांचा ट्रे उचलला आणि त्यांच्या बेडपाशी जाऊन उभी राहिली. तीन वीसला आजोबांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि मान कलली.

वाचले. ट्रे हाताशी होता म्हणून वाचले.

"असं चौदाव्यांदा झालं," नर्स परत येऊन म्हणाली. "आम्ही कुणाला बोललो नाही... बोलणार तरी काय?"

तरी सांगितलेलं काम म्हणून मी खातं बंद करायचं बटण दाबलं. यादीतून आत्याचं नाव गेलं. मागून रबरी चपलांचा चटचट आवाज आला आणि अगदी माझ्या पाठीशी थांबला. मी वळले नाही. नाव परत आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा बोट पुढे केलं, तेव्हा कुणीतरी माझं मनगट धरलं. नाडी बघताना धरतात तसं... तीन बोटांनी. बोटं बर्फासारखी होती.

फोन वाजला. साहेब.

"झालं का?"

"नाही. आणि मी करणार नाही."

"नोकरीवर पाणी सोडायचंय का?"

"सोडते. पण ती जाते म्हणेपर्यंत तिला कुणी बाहेर काढायचं नाही."

मनगट सुटलं.

नोकरी गेली. माझ्यानंतर दोघांनी ते खातं बंद करून पाहिलं. दोघंही त्या वॉर्डात पुन्हा पाय ठेवायला तयार नाहीत. नर्सेसनी तर सगळ्यांनी मिळून लिहून दिलं, खात्याला हात लावणाऱ्यानं वॉर्ड स्वतः चालवून दाखवावा. आत्या आहे तिथेच आहे. मला कसलाही पश्चात्ताप नाही.

काल संध्याकाळी त्याच नर्सचा फोन आला.

"ताई, सिस्टरांची नोंद आलीय. बेड नंबर नाही... तुमच्या घराचा पत्ता आहे. दोन ओळी आहेत, दोघांच्या."

"वाच."

"पहिली... नाडी बहात्तर, श्वास सोळा."

मी मनगट धरून मोजलं. बहात्तर.

"दुसरीत श्वास चौदा आहे..."

"आणि नाडी?"

"शून्य."

घरात मी एकटीच राहते. सगळे म्हणतात, चार दिवस दुसरीकडे जा. मी का जाऊ? घर माझं आहे. मी दार आतून लावून घेतलं, खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली आणि मोठ्यानं सांगितलं, ज्याला निघायचंय त्यानं निघावं, मी हलणार नाही.

आज सकाळी नवी नोंद आली. माझी नाडी बहात्तरच आहे. त्या दुसऱ्याचा श्वास मात्र भीतीनं तिसावर गेलाय.