दहा-अकराचा पाना

सरिता रामटेके जिना चढून आली तेव्हा तिच्या हातात चप्पल होती. पट्टा तुटला म्हणून तिनं ती हातात घेतली होती. पण तिचा चेहरा पाहून माजी हवालदार वामनराव कडू यांनी आपली खुर्ची जराशी मागे सरकवली.

"शोध लावणाऱ्या बाई तुमीच का?"

"मीच. बसा," लतिका मेश्राम म्हणाल्या.

इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानावर त्यांची दोन खोल्यांची कचेरी होती. पूर्वी बाई विम्यासाठी अपघाताच्या गाड्या तपासत. त्यांच्या रागापुढे ती नोकरी टिकली नाही. वामनराव तीस वर्षं पोलिसात काढून त्यांच्या मदतीला आले होते. माणूस सरळ, पण आपलं डोकं बैलगाडीच्या चालीनं चालतं, हे ते स्वतःच सांगत.

सरिता बसली नाही. "माझ्या नवऱ्याचं, संघपालचं, कोराडी रोडले गॅरेज आहे. मंगळवारी त्यानं हर्षित गावंडेच्या पिकअपचं इंजिन ऑइल बदललं. शुक्रवारी उतारावर तिचे ब्रेक गेले. डिरायवर धोंडबा मेला. आता म्हणतात, संघपालनं ब्रेकच्या पाईपाचा नट ढिला सोडला, अन् पाना बी तिथंच विसरला! चार दिवस झाले, कोठडीत आहे तो."

"त्यानं ब्रेकला हात लावला होता?"

"लावू देला असता तं धोंडबाकाका जिवंत असते! मागचे ब्रेक शू पार घासले, बदलल्याबिगर गाडी सोडत नाही म्हणे हा. गावंडे आला, शिव्या देल्या, गाडी घेऊन गेला."

"हे कोणी ऐकलं?"

"धोंडबाकाकानं." एवढं बोलून ती खाली बसली.

लतिकाबाईंचे कान लाल झाले. हे झालं की पुढे कोणाची तरी धडगत नसते, हे वामनरावांना ठाऊक होतं.

ठाण्यात उपनिरीक्षक अंकित वैद्य होता. एकेकाळी वामनरावांच्या हाताखाली शिकलेला, म्हणून त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतला पाना दाखवला.

"मागच्या डाव्या चाकाजवळ चेसिसमध्ये अडकला होता, काका. वरचा ब्रेकच्या पाईपाचा नट अर्धा उघडा. अन् हे पाहा नाव."

दोन तोंडांचा पाना. दांडीवर चकचकीत ओरखड्यांनी 'एस. आर.' कोरलं होतं. पलीकडे कारखान्यात ठसवलेले आकडे होते, दहा आणि अकरा. त्या आकड्यांच्या खाचांत लालसर पिवळं काहीतरी सुकून बसलं होतं.

"गंज," अंकित म्हणाला.

वामनरावांनीही मान डोलावली. लतिकाबाईंनी पिशवी उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"गाडी कुठं आहे?"

"इथं जागा नाही. गावंडेंच्याच यार्डात सील करून ठेवली. अपघात संध्याकाळी पाचला झाला, सातला क्रेननं गाडी तिथं नेली. पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला."

"म्हणजे रात्रभर गाडी मालकाच्या दारात. छान!" बाई म्हणाल्या. "चाकाच्या आतले ब्रेकचे ड्रम उघडले होते?"

"काय गरज, मॅडम? नटच उघडा दिसला ना."

संघपालचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, त्याखाली फळीवर ओळीनं टांगलेले पाने. दहा-अकराचे दोन होते, दोन्ही जागेवर. 'एस. आर.' दोन्हींवर होतं, पण त्या अक्षरांत कित्येक वर्षांचं काळं ग्रीस मुरलेलं होतं.

"तिसरा पाना नव्हता कशावरून, असं विचारतील," वामनराव म्हणाले.

"विचारतील." बाई तसबिरीकडे पाहत होत्या. "वामनराव, दसऱ्याला ठाण्यात बंदुकांची पूजा कोण करायचं?"

"मीच. तीस वर्षं. का?"

"सहज."

वामनरावांना बाईंचं हे 'सहज' कधीच आवडलं नव्हतं.

हर्षित गावंडेचं यार्ड कोराडीच्या अलीकडे होतं. वीज केंद्राच्या राखेच्या विटा शहरात पोहोचवणाऱ्या पाच डिझेल पिकअप, सगळ्या सारख्या. दसऱ्याला पंधरा दिवस होऊन गेले होते, तरी बॉनेटवरची कुंकवाची स्वस्तिकं पुसली नव्हती. सुकलेल्या झेंडूच्या माळा आरशांना लटकत होत्या. सगळ्यावर राखेचा करडा थर होता.

हर्षित चाळिशीचा होता आणि त्यानं पांढरेशुभ्र कपडे घातले होते. "आमच्याकडे मेन्टेनन्सची शिस्त आहे," त्यानं भिंतीवरच्या काचेच्या चौकटीकडे बोट दाखवलं. दर महिन्याचे रकाने होते: तेल, हवेचा फिल्टर, डिझेल फिल्टरमधलं पाणी, ब्रेक. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण होती. "त्या मिस्त्रीला मंगळवारी ब्रेकसुद्धा सांगितले होते. अर्धवट काम करून मोकळा झाला. माझा जुना माणूस गेला हो!"

"गाडी रात्री इथं होती. कोणी आत शिरलं असेल?"

"अजिबात नाही. गेटची चावी एकच, ती माझ्या कमरेला असते. रात्रभर मी इथंच होतो."

"तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं," लतिकाबाई म्हणाल्या.

कारकून मिनल टेबलामागे मान खाली घालून बसली होती. बाईंनी तिला चौकटीतल्या खुणांबद्दल विचारलं. तिनं आधी हर्षित बाहेर गेल्याची खात्री करून घेतली.

"मी करते, मॅडम. एक तारखेलेच. पूर्ण महिन्याच्या."

"काम होण्याआधीच?"

"सर म्हणतात, चौकट भरलेली दिसली पाहिजे." ती रडवेली झाली. "धोंडबाकाका रोज येऊन सांगत, ब्रेक खाली जाऊन राहिले म्हणून. सर म्हणत, दिवाळीनंतर पाहू. त्या दिवशी मी सहाले घरी गेले, मंग गाडी आली. मले त्याच्यापुढचं काही माहीत नाही."

वामनरावांच्या मुठी वळल्या. काचेच्या चौकटीत शिस्त ठेवायची आणि रस्त्यावर माणसं मारायची! पण रागानं कोडं सुटत नसतं.

दुसरा ड्रायव्हर रामाजी आपल्या पिकअपच्या पायरीवर बसला होता. वामनरावांनी केबिनमध्ये डोकावलं आणि ते हरखले. सीटखाली ब्रेक शूचा नवा कोरा खोका होता.

"हे इथं कसं?"

रामाजीचा चेहरा उतरला. "माझेच आहेत, साहेब. मीच आणले. माझ्या बी गाडीचे गेलेच आहेत. मालक बसवाले गाडी उभी करू देत नाही."

"मिनल म्हणत होती, धोंडबाशी तुझं भांडण झालं होतं?"

"झालं होतं." त्यानं डोळे पुसले. "तो म्हणे, तुले बसवाले भेटतच नाही तं मले दे. मी म्हटलं, काहून देऊ गा? त्याच्या दोन दिवसांनी... दवाखान्यात मीच नेलं त्याले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या बायकोजवळ, तुळसाबाईजवळच बसलो होतो."

"रामाजी," लतिकाबाई मध्येच म्हणाल्या, "आमच्या गाडीच्या बॅटरीचा नट ढिला आहे. दहा-अकराचा पाना द्या बरं."

रामाजीनं यार्डाची हत्यारपेटी उघडली. प्रत्येक पान्यावर हळदकुंकवाचं बोट लागलेलं होतं. आठ-नऊचा निघाला, बारा-तेराचा निघाला, सोळा-सतराचाही निघाला. दहा-अकराचा काही सापडेना.

"दसऱ्याले तं पूजेत होता," तो पुटपुटला. "स्क्रू पाना चालन का?"

"चालेल."

मग बाई अपघाताच्या गाडीजवळ गेल्या आणि साडी सावरत खाली वाकल्या. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला राख होती, कोरडी आणि भुरभुरीत. बरोबर त्याखाली जमिनीवर ताटलीएवढा तेलकट डाग होता.

"वामनराव, काय दिसतं?"

"वर राख. खाली तेल."

"एवढं पुरे. अंकितला बोलवा, आरटीओचा तपासनीस बोलवा. संघपालला आणि तुळसाबाईंनाही."

"मॅडम, माझ्या मते रामाजीच. भांडण होतं, शू लपवलेले..."

"तुमच्या मते," बाई कडाडल्या, "गरीब दिसला की तोच चोर! तीस वर्षांची सवय, एका दिवसात कशी जाईल?"

वामनरावांना ते लागलं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी यार्डात सगळे जमले. संघपाल दोन शिपायांच्या मध्ये उभा होता. धोंडबाची बायको तुळसाबाई विटांच्या चळतीवर बसली होती. हर्षित सारखा घड्याळ पाहत होता.

"अंकित, तो पाना काढ," लतिकाबाईंनी सुरुवात केली. "खाचांतलं ते लाल काय?"

"गंज..."

"गंज पिवळा नसतो. हळद आणि कुंकू आहे ते. वामनराव, तुमच्या डोळ्यांसमोर होतं. पण तुम्ही जन्मभर हत्यारांना कुंकू लावलंत, म्हणून तुम्हाला ते वेगळं दिसलंच नाही. मला दिसलं. आमच्याकडे दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर जातो, हत्यारं पूजत नाही. संघपालच्याही घरी नाही. त्याच्या फळीवरच्या एकाही पान्याला बोट लागलेलं नाही."

हर्षित हसला. "एवढ्यावर? कुठून तरी उसना घेतला असेल."

"आणि उसन्या पान्यावर स्वतःचं नाव कोरलं? त्याच्या पान्यांवरची अक्षरं मळून काळी झालीत. ही अक्षरं चकचकीत आहेत. पूजेचा रंग जुन्या आकड्यांत आहे, नव्या अक्षरांत कणभर नाही. म्हणजे पूजा आधी झाली, नाव नंतर कोरलं. आणि तुमच्या पेटीतला दहा-अकराचा पूजेत होता, तो आज नाही."

"पेटीला कोणीही हात लावतं!"

"लावतं ना. म्हणून दुसरा प्रश्न. नट कधी उघडला? गाडी चालताना गळती असती, तर ब्रेक ऑइल चाकावर उडालं असतं, त्याला राख चिकटून चिखल झाला असता. चाक कोरडं ठणठणीत आहे. तेल फक्त इथं, या जमिनीवर, उभ्या गाडीतून सांडलं. नट अपघातानंतर, याच यार्डात उघडला गेला. संध्याकाळी सात ते सकाळी नऊच्या मधे. मिनल सहाला घरी गेली. रामाजी दवाखान्यात होता. संघपालला फाटक बंद. चावी एकच, असं तुम्हीच छाती फुगवून सांगितलंत, गावंडे!"

हर्षितचा हात आपोआप कमरेकडे गेला.

"पण गाडी तं आधीच ठोकली होती," अंकित म्हणाला. "मंग मागाहून नट उघडून काय फायदा?"

"हाच फायदा, की तू ड्रम उघडला नाहीस! उघडा नट दिसला, मिस्त्रीचा पाना दिसला, कारण सापडलं, चला घरी. उघडा आता."

तपासनिसानं चाक उतरवलं, ड्रम ओढून काढला. शूवर लायनिंगचा, म्हणजे घासणाऱ्या पट्टीचा, अंशही नव्हता. लोखंडावर लोखंड घासून ड्रमला खोल चरे पडले होते.

"हे एका दिवसाचं नाही," तो म्हणाला. "कित्येक महिन्यांचं आहे."

"मंगळवारी हेच सांगितलं होतं मी," संघपाल ओरडला. "कोणाच्या पाया पडू अजून? धोंडबाकाकाले म्हटलं, चालवू नका. ते म्हणे, नाही चालवली तं उद्या दुसरा बसन माझ्या सीटवर."

"सीझन होता!" हर्षित एकदम बोलून गेला. "दिवाळीआधी प्रत्येक गाडी लागत होती. कशी उभी ठेवणार?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. अंकितनं त्याच्या दंडाला धरलं. संघपालला धरून उभे असलेले शिपाई बाजूला झाले.

तुळसाबाई उठल्या. हर्षितकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या संघपालपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"काय गा, बाप्पा, हे बदलाले किती वेळ लागते?"

संघपालची मान खाली गेली. "दोन घंटे, मावशी."

"दोन घंटे," त्या म्हणाल्या. "इतकी तं मी रोज त्याची वाट पाहत बसो."

आयुष्यात किती पंचनाम्यांवर आपण सही केली आणि त्यांतले किती ड्रम उघडले नाहीत, याचा हिशेब वामनरावांना नको होता.

तुळसाबाईंनी रामाजीच्या पिकअपकडे बोट दाखवलं. "त्याच्या बी गाडीचे तसेच आहेत म्हणे. मंग उभा काहून आहेस?"

रामाजीनं मुकाट्यानं सीटखालचा खोका आणून दिला. संघपालनं बाह्या सारल्या आणि जॅक लावला. वामनरावांनी पेटीतले पाने एकेक करून त्याच्या हातात दिले, आणि दर वेळी आकडा मोठ्यानं वाचला.

लतिकाबाईंनी घड्याळ पाहिलं होतं. दोन्ही चाकं बसून काम पुरं झालं, तेव्हा एक तास पन्नास मिनिटं झाली होती.