अडथळा खालच्या मजल्यावर

"जरा सरकता का?"

मी वर न बघता एक बोट उंचावलं. एक मिनिट.

जिन्यातल्या मधल्या पायरीवर मी बसले होते. मांडीवर लॅपटॉप, कानांवर हेडफोन, आणि पडद्यावरच्या खेळात माझी सैनिक एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारत होती. उडी मारत होती म्हणजे... मारायला निघाली होती. दोन गच्च्यांच्या मधोमध, हवेत, ती थिजली. पाय पसरलेले, बंदूक वर. मी बटणं बडवली. काही नाही. मग सगळं एकदम हललं आणि ती खाली गल्लीत मरून पडलेली दिसली.

"मेलात?" आवाज आला.

"मेले."

"मग आता सरकायला हरकत नाही."

मी मान वर केली. खांद्यावर गच्चीवरून आणलेल्या चादरींचं भलंमोठं पोतं घेऊन एक तरुण माझ्या वरच्या पायरीवर उभा होता. कपाळावर घाम, शर्टाच्या बाहीला कसलेतरी पांढरे केस चिकटलेले. तो खरंच मिनिटभर तसाच ताटकळला होता. मी भिंतीला खेटले. जाताना पोत्याचा कोपरा माझ्या केसांना लागला, तसा तो म्हणाला, "माफ करा – आणि तुमच्या मरणाचंही वाईट वाटलं."

आमच्या बरोबर खालचं दार उघडल्याचा आवाज आला. म्हणजे हाच तो नवा भाडेकरू. प्राण्यांचा डॉक्टर.

हेडफोनमध्ये दादा बोलत होता. "वावटळ, परत तेच. बाकीचे तिघं वैतागलेत गं. रविवारी सामन्यात असं झालं तर मला तुला बाहेर बसवावं लागेल."

वावटळ हे माझं खेळातलं नाव. घरातही शोभलं असतं. दादा माझा सख्खा मोठा भाऊ, आणि आमच्या पाच जणांच्या संघाचा कप्तान. कॉलेज अर्धवट टाकून तो दुसऱ्या शहरात एका खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागला, तेव्हा बाबा म्हणाले होते, खेळून कुणाचं पोट भरत नाही. दादा म्हणाला होता, माझं भरेल. दोघंही एकाच मातीचे. त्याला दोन वर्षं झाली, दोघांचं बोलणं नाही. मला तो फोन करायचा नाही, कारण फोनवर काय बोलायचं ते आम्हाला सुचत नसे. पण खेळताना, कुठल्यातरी खोट्या भिंतीआड लपून बसलेलो असताना, तो मध्येच विचारायचा, "बाबांचा खोकला कसा आहे?" मी सांगायचे. तेवढंच काय ते आमचं घर उरलं होतं.

आणि तेच तुटत होतं. रोज संध्याकाळी.

मी काय करायचं सोडलं? राउटर बंद करून चालू केला. चॅनेल बदलून पाहिले. कंपनीचा माणूस येऊन लाइन तपासून गेला, म्हणाला लाइन उत्तम आहे. राउटर बाबांच्या खोलीत, जिन्याच्या भिंतीवर. बाबा घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासतात, त्यांना टाचणी पडलेली चालत नाही. म्हणून मी भिंतीच्या अलीकडे, जिन्यात जाऊन बसले होते. तर राउटरपासून हातभर अंतरावरही तीच गत.

चार दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ऑफिसात घरांचे नकाशे काढते मी. त्या आठवड्यात एका न्हाणीघराला दारच ठेवायला विसरले. संध्याकाळी खोलीत येरझाऱ्या, खुर्ची इकडे ओढ, टेबल तिकडे. आणि अशाच एका येरझारीत लक्षात आलं – ज्या दिवशी खालचं दार उशिरा उघडतं, त्या दिवशी माझा खेळ उशिरापर्यंत नीट चालतो.

तो घरी आला की माझं इंटरनेट जातं.

मी तडक खाली गेले आणि बेल दाबली.

"तुमच्यामुळे माझं कनेक्शन तुटतंय," दार उघडताच मी म्हटलं.

त्याच्या हातात चमचा होता. तो जरा विचारात पडला. "जुळलं कधी होतं?"

मला हसू आलं, ते मी गिळलं. "मी वायफायबद्दल बोलतेय."

"असं होय. मग आत या. नाहीतर नको – तुम्ही वर जा, मी इथली एकेक वस्तू बंद करतो. रोग्याचं दुखणं शोधायला आम्ही हेच करतो, एकेक गोष्ट वगळत जातो."

मी वर दारात उभी राहिले. लॅपटॉपवर तो आकडा उघडला – आपण पाठवलेलं खेळापर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दाखवणारा. खेळाडू त्याला पिंग म्हणतात. तो लहान असला तर स्वर्ग, मोठा झाला की मरण. माझा नऊशेच्या घरात होता.

"ओव्हन बंद," खालून आवाज. "आता?"

"नाही."

"बिनतारी फोन. आता?"

"नाही."

"फ्रिज."

"फ्रिजचा काय संबंध?"

"माहीत नाही, पण बंद केलाय. आता?"

"नाही. आणि तो चालू करा, दूध नासेल."

मग जरा बारीक आवाजात, "आता?"

आकडा धाडकन खाली आला. चाळीस. मी पायऱ्या उतरून धावतच गेले. तो एका काळ्या, ओबडधोबड पडद्यासमोर उभा होता. त्याचं बटण त्याच्या बोटाखाली होतं.

"हा बिनतारी कॅमेरा, चित्र या पडद्यावर येतं," तो म्हणाला. "जुना आहे. एका मित्राने त्याच्या दुकानातल्या अडगळीतून दिला."

त्याने तो पुन्हा चालू केला. धूसर चित्र आलं – रिकामी खोली, कोपऱ्यात चादरींचा ढीग, आणि ढिगावर एक पांढरी कुत्री. पोट टम्म.

"ही बाईसाहेब. कुणीतरी दवाखान्याच्या दाराला बांधून गेलं. माणूस दिसला की थरथर कापते, खाणं टाकते. पिल्लं व्हायची आहेत. मी आत गेलो तर घाबरून काहीतरी वेडंवाकडं होईल, न बघावं तर अडली तरी कळायचं नाही. म्हणून पलीकडच्या खोलीतून बघत बसतो." त्याने माझ्याकडे पाहिलं. "बंद करू म्हणता?"

मी भांडायला आले होते. सगळी वाक्यं तयार होती. ती जिभेवरच विरली.

शेवटी ठरलं असं: माझ्या सरावाच्या वेळेपुरता तो कॅमेरा बंद ठेवेल, आणि रविवारच्या सामन्यातही. सराव संपला की मी खाली येऊन सांगायचं.

फोन करूनही सांगता आलं असतं. ते दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

मग मी रोज खाली जाऊ लागले. आम्ही जमिनीवर बसून तो धूसर पडदा बघायचो. हातात चहाचे कप, मध्ये बिस्किटांचा पुडा. बाईसाहेब कूस बदलायच्या, की तो पुढे झुकायचा. त्याच्या अंगाला औषधी साबणाचा वास असायचा... आणि त्या अर्ध्या अंधाऱ्या खोलीत मला उगाच माझ्या हातांचं काय करावं ते कळायचं नाही. वर आले की पुस्तक उघडायचे, मिटायचे. खिडकी उघडायचे, लावायचे. बाबा पलीकडून विचारायचे, "काय हरवलंय?"

"काही नाही, बाबा."

तिसऱ्या दिवशी त्याने मला "तू" म्हटलं. म्हणाला आणि थांबला. "म्हणजे... तुम्ही."

"आता म्हटलंच आहेस तर राहू दे."

तेव्हाच केव्हातरी मी त्याला दादाबद्दल सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "मग वायर का लावत नाहीस? राउटरपासून लॅपटॉपला थेट वायर. कॅमेऱ्याचा त्रास हवेतून येतो, वायरला तो होणार नाही."

"माझ्याकडची वायर हातभर आहे. बाबांच्या खोलीत बसून खेळावं लागेल."

"मग बस."

"खेळताना आम्ही बोलतो. बाबांना माहीत नाही मी कुणाशी बोलते ते."

"कळलं तर काय होईल?"

"दादा खेळायचा बंद होईल. किंवा मला बंद करायला लावतील." मी बिस्किट मोडत राहिले. "दोघांना जोडणारी मी एकटीच उरलेय. मीही तुटले तर..."

माझ्या हातातला बिस्किटाचा चुरा त्याने आपल्या तळहातावर घेतला आणि कपाच्या बशीत टाकला. एवढंच.

शनिवारी तो म्हणाला, "तिने खाणं सोडलंय. चादरी उकरतेय. आज-उद्यात होईल."

"मग उद्या—"

"उद्या तुझा सामना आहे. शब्द दिलाय."

रविवारी दुपारी सामना सुरू झाला. पहिली फेरी आम्ही जिंकली. आकडा चाळीसच्या वर गेला नाही. मी उड्या मारल्या, पळाले, दादा म्हणाला, "आज काय खाऊन आलीस?" सगळे खूश होते. आणि मला बसवेना. खेळ इतका सुरळीत चालला होता, म्हणजे खाली पडदा काळा होता. म्हणजे त्या खोलीत काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं.

दुसऱ्या फेरीच्या आधी थोडी सुट्टी होती. मी हेडफोन फेकले आणि खाली धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. तो बाईसाहेबांच्या खोलीच्या बंद दाराला कान लावून जमिनीवर बसला होता. चेहरा उतरलेला.

"मघाशी कण्हत होती," तो कुजबुजला. "आता आवाज नाही."

"कॅमेरा लाव."

"तुझा—"

"लाव म्हणते ना. माझं मी बघते."

बटण त्याने दाबेपर्यंत मी थांबले नाही. वर आले, लॅपटॉप आणि हातभर वायर उचलली, आणि बाबांच्या दारावर टकटक न करता आत गेले. ते पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत होते, हातात लाल पेन.

"बाबा, मला इथे बसायचंय. राउटरजवळ. मी दादाबरोबर खेळतेय."

पेन थांबलं. मग त्यांनी भिंतीलगतच्या स्टुलावरचा कागदांचा गठ्ठा उचलून पलंगावर ठेवला, आणि पुन्हा मान खाली घातली. मी स्टुलावर बसले. वायर लावली. हेडफोन माझ्या खोलीत राहिले होते, आणि आणायला वेळ नव्हता.

"वावटळ? आहेस का?" दादाचा आवाज खोलीभर घुमला.

"आहे."

ती फेरी आम्ही हरलो. तिसरी सुरू झाली. निकाल तिच्यावर होता. एका पडक्या इमारतीत मी आणि दादा उरलो होतो. मी दाराकडे नेम धरून बसले होते, तेवढ्यात माझ्या मागून बाबांचा आवाज आला.

"त्या वरच्या खिडकीत कुणीतरी आहे."

पलीकडे दादाच्या बटणांचा खडखडाट थांबला. मग, "...बाबा?"

"आधी खिडकीत बघ."

दादाने बघेपर्यंत गोळी सुटली होती. तो मेला, मागोमाग मी. सामना गेला. पडद्यावर दुसऱ्यांचं नाव झळकलं, पण दादा खेळातून बाहेर पडला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"बघायला उशीर झाला," तो म्हणाला.

"उशीर तर झालाच," बाबा म्हणाले. त्यांनी खुर्ची लॅपटॉपकडे ओढली. "जेवतोस का वेळेवर?"

मी स्टूल सोडून उठले. दोघांनाही माझी गरज नव्हती, आणि मला एकाच जागी जायचं होतं.

खाली तो पडद्याला नाक लावून बसला होता. न बघताच त्याने हाताने बाजूची जागा दाखवली. बाईसाहेबांच्या पोटाशी दोन पांढरे गोळे चिकटले होते. तिसरा जरा लांब पडलेला. हलत नव्हता.

"तिचं लक्षच नाही त्याच्याकडे," तो म्हणाला. "मला जावं लागेल."

"घाबरेल ती."

"हो."

तो गुडघ्यांवर रांगत आत गेला. मी पडद्यावर बघत होते. बाईसाहेबांनी मान वर केली, कान पाडले... तो थांबला. तिथेच, जमिनीवर, हात पसरून. मग इंचाइंचाने पुढे. पिल्लू टॉवेलात घेतलं, नाक पुसलं, चोळलं. चोळत राहिला. मी नखं तळहातात रुतवून बसले. त्या फिकट चित्रात काही दिसेना, आणि एकदम भिंतीपलीकडून बारीकशी किरकिर ऐकू आली. त्याने पिल्लू तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने त्याला चाटलं. नंतर त्याचा हातही.

बाहेर आला तेव्हा टॉवेल त्याच्या हातातच होता. तो माझ्या शेजारी येऊन कोसळला.

"सामना?"

"हरलो."

"माझ्यामुळे?"

"नाही रे. खिडकीतल्या माणसामुळे." मी त्याला वरचं सगळं सांगितलं. तो खूप वेळ हसला. मग ओल्या टॉवेलाचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाला, "मलाही एक सांगायचंय. परवा तुझ्या सरावात मध्येच कॅमेरा चालू झाला ना? विसरलो म्हणालो होतो..."

"हो. मी तणतणत आले होते."

"विसरलो नव्हतो. बाईसाहेब गाढ झोपल्या होत्या, बघण्यासारखं काही नव्हतं. पण तुझा सराव संपायला अजून खूप वेळ होता, आणि तू येईपर्यंत मला – मला थांबवेना."

मी त्याच्याकडे बघितलं. तो टॉवेलाकडे बघत होता. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या.

"त्या दिवशी मी पाचव्या मिनिटाला मेले, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. वरून ऐकू आलं."

"दादाने मला काय काय ऐकवलं!"

"माफ कर."

"नाही करणार," मी म्हटलं, आणि त्याच्या हातातला टॉवेल काढून घेतला. टॉवेल बाजूला पडला, हात मात्र मी सोडला नाही. "आता मी बाबांच्या खोलीत वायर लावून खेळणार. कॅमेरा दिवसभर चालू ठेवलास तरी मी काही तक्रार करायला येणार नाही."

"मग?" त्याने विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता. "मग यायला काय निमित्त सांगशील?"

"काहीच नाही. बेल दाबीन, आणि तू दार उघडायचंस."