घनश्यामची इस्त्री

सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही, पण आमच्या गावच्या घनश्यामच्या पँटीच्या इस्त्रीवर एकदा माशी बसली आणि तिचे दोन तुकडे झाले. अर्धी इकडे पडली, अर्धी तिकडे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, आणि माझे डोळे अजून बिनचष्म्याचे आहेत.

मागच्या रविवारी फुलचंदच्या सलूनमध्ये मी हे बोललो तेव्हा बाकावरचे सगळे हसले. एकटा घनश्याम हसला नाही, कारण तो खुर्चीवर होता, कानापर्यंत फेस होता आणि फुलचंदचा वस्तरा त्याच्या हनुवटीखाली फिरत होता. अशा माणसाला हसता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ कुठली?

विषय काढला तो त्याच्या चुलतभावानं, ऋतिकनं. कॉलेजात जातो, केसांवर तास घालवतो, तरी झोपेतून उठल्यासारखा दिसतो. तो म्हणाला, "आबाजी, हा दादा वावरातून येते तरी याची कॉलर पांढरी. नखं पाहा याचे. आम्ही लग्नाले जातो तं एवढे नीट दिसत नाही. याले जमते कसं?"

"त्याले शिकवणारी होती एक," मी म्हणालो.

घनश्यामचा गळा हलला.

"हालू नको गा," फुलचंद म्हणाला. "कापंन."

मग मी सांगायला घेतलं.

चार-पाच वर्षं झाली असतील. श्रावण होता. घटकेत ऊन, घटकेत सर. घनश्याम तेव्हा असा नव्हता. केसांत गवताची काडी, पायांना चिखल, अंगात बापाच्या मापाचा वाटावा असा शर्ट. कपाशीवर फवारायचं औषध घ्यायला तालुक्याला, नेरला गेला होता, तेवढ्यात सर आली आणि तो समोर दिसलेल्या कृषी केंद्रात शिरला. काउंटरवर नेहमीचे मामा नव्हते. त्यांची भाची होती. निशिगंधा. शिक्षण संपवून, आईला घेऊन, नुकतीच मामांकडे राहायला आली होती आणि दुकान सांभाळू लागली होती.

आता ती काही नटलेली नव्हती. बदामी रंगाचा साधा कुर्ता. पण खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर. ओढणी पिनेनं जागच्या जागी. एक वेणी, तिच्यातला एक केस इकडेतिकडे नाही. दुकानात खताचा वास, दारात चिखल, आणि मधोमध ही अशी — जशी आत्ताच कोणी घडी उलगडून ठेवली.

तिनं घनश्यामकडे पाहिलं. मग त्याच्या शर्टाकडे. मग ओठ दाबून औषधाच्या बाटल्यांकडे.

"काय झालं?" घनश्यामनं विचारलं.

"काही नाही, भाऊ…"

"हासून राह्यल्या ना तुम्ही."

"तुमच्या शर्टाची एक बाजू पुसदले चालली, अन् एक उमरखेडले."

त्यानं खाली पाहिलं. गावातून निघाल्यापासून सगळी बटणं एकेक घर चुकलेली. बिचारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत बटणं लावली आणि वळला.

"आता?"

"आता दोन्ही बाजू नेरलेच हाय."

सर थांबली. घनश्याम बाहेर पडला, गावात पोचला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की औषध घ्यायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेर. त्या वर्षी त्यानं एवढ्या वेळा औषध आणलं की अळ्यांनी सभा घेतली आणि आपण होऊन शेजाऱ्याच्या वावरात गेल्या. शेजारी अजून त्याच्याशी बोलत नाही. विचारा कोणालाही.

प्रत्येक फेरीला तिचं नवं काहीतरी. एकदा म्हणाली, "हात दाखवा."

घनश्यामच्या कानांना रंग चढला. त्यानं हळूच हात पुढं केला, तळवा वर करून, जसं कोणी नशीब वाचणार आहे.

"तसा नाही, उलटा. नखं पाहू द्या…" तिनं पाहिली. "वावर घरी नेता का रोज सोबत?"

त्या दिवशी तो नेलकटर घेऊन गावी आला.

पुढच्या खेपेला तिची नजर शर्टाच्या खांद्यांवर गेली. "एवढा मोठा शर्ट काहून घेता?"

"आई म्हणते, वाढत्या अंगाचा घेत जा."

"तुम्ही अजून वाढूनच राह्यले का?"

सत्तावीस वर्षांचा घोडा. पण तिच्यासमोर त्याला खरंच वाटलं की आपण अजून वाढतो आहोत.

एकदा अत्तर लावून गेला. बाटली रिकामी करूनच गेला म्हणा ना. ती दोन पावलं मागं सरली, ओढणी नाकाला लावली आणि डोळ्यांनीच हसली. "अत्तर जवळ आलेल्याले समजलं पाहिजे. रस्त्यापलीकडच्याले नाही."

"मंग जवळ कोणी आलंच नाही तं?"

 तिनं बियाण्याची पिशवी उगाच या खणातून त्या खणात ठेवली…

घरी विमलताई, म्हणजे घनश्यामची आई, कपाळाला हात लावून बसायची. घरात इस्त्री नव्हती. हा पितळी तांब्यात चुलीतले इंगळ भरायचा आणि शर्टावर फिरवायचा. कॉलर आधी उलट्या बाजूनं, मग सुलट. टोकाकडून मधे, म्हणजे चुणी पडत नाही. कॉलर ब्रशनं घासायची रात्री, वाळवायची सावलीत. ऊन लागलं की पांढरं कापड पिवळं पडतं, हेही निशिगंधानंच सांगितलेलं. "पोट्ट्याले कोणी काही खाऊ घातलं का, आबाजी?" विमलताई मला विचारायची. मी म्हणायचो, असंन. कॉलर तर एवढी पांढरी झाली की हा वावरात वाकला की बगळे येऊन शेजारी उभे राहायचे, सोयरा समजून.

एका संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं विचारलं, "हे सगळं एका दिवसात नाही होत का?"

"होते ना. त्याले नटणं म्हणतात." ती काउंटर पुसत होती. "नीटनेटकं राहणं रोजचं असते. थोडं थोडं. कोणाच्या ध्यानातही नाही यायला पाहिजे. फक्त…"

"फक्त?"

"फक्त ज्याच्या यायचं, त्याच्या आलं की झालं."

फडकं काउंटरवर एकाच जागी फिरत राहिलं.

परतताना अर्ध्या रस्त्यात घनश्यामनं मोटरसायकल थांबवली. आज ती त्याला भाऊ म्हणाली नव्हती. परवाही नव्हती. दुकानात येणारा प्रत्येक माणूस तिचा भाऊ. म्हातारे भाऊ, पोरं भाऊ, खताचा ट्रकवाला भाऊ. याच्या एकट्याचं भाऊपण कधी गळून पडलं, ते त्यालाही कळलं नव्हतं. तो रस्त्याच्या कडेला, तुरीच्या वावराजवळ, एकटाच हसत उभा राहिला.

दसऱ्याला त्यानं तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. सोनं तर तिला सगळ्यांनीच दिलं होतं, काउंटरवर ढीग पडला होता. तिनं एवढं एक पान उचललं, ओढणीच्या पिनेत अडकवलं आणि दिवसभर तसंच ठेवलं.

इथवर सगळं बरोबर चाललं होतं. मग तुळशीचं लग्न लागलं.

आमच्याकडे तुळशीचं लग्न लागलं की पोरी पाहण्याचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत एखादा पोट्टा गुळगुळीत दाढी करून, नवा शर्ट आणि पॉलिशचे बूट घालून एसटीत चढला, की अख्ख्या गावाला समजतं. कुठं चालला हे कोणी विचारत नाही. विचारतात ते फक्त पोरीचं गाव.

आणि घनश्यामनं नेमका तोच मुहूर्त धरला. ठरवलं, आज तिला विचारायचं. इतके महिने थोडं थोडं सुधारलेला माणूस, पण त्या दिवशी त्याला थोडं पुरेना. फिकट निळा नवा शर्ट शिवला, लॉन्ड्रीतून कडक इस्त्री करून आणला. पट्टा, बूट, रुमाल. दाढी याच खुर्चीवर. ती माशी त्याच दिवसाची.

बुटांवर धूळ बसेल म्हणून मोटरसायकल घरीच ठेवली होती. एसटीत कंडक्टर म्हणाला, "कुठची हाय?" घनश्याम नुसता लाजला. त्याला वाटलं, म्हणू दे. पोरगी पाहायलाच तर चाललो आहे.

दुकान हरभऱ्याचं बियाणं नेणाऱ्यांनी भरलेलं होतं. तो दारात उभा राहिला आणि तिनं वर पाहिलं. आधी तिचा चेहरा उजळला. मग नजर शर्टावरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून बुटांवर गेली… आणि बुटांवरून परत वर आली तेव्हा तो चेहरा राहिला नव्हता.

"पोरगी पाहायले चालले?" तिनं विचारलं.

घनश्यामनं तोंड उघडलं, तेवढ्यात मामा गल्ल्यावरून उठले. "वा रे घनश्याम. बसून बोल बरं. अन् पोहे सगळे नको खाऊ, अधाशी वाटते."

"अन् पोरीच्या आईकडं पाहून हास," कोणी तरी म्हणालं. "पोरीकडं पाहून सगळेच हासतात."

दुकान हसलं. निशिगंधाही हसली. मग ती काउंटरमागून बाहेर आली, पहिल्यांदाच. त्याच्या कॉलरचं एक टोक वर उठलं होतं. ते तिनं दोन बोटांनी बसवलं. बोटं क्षणभर तिथंच राहिली.

"आता नीट हाय," ती हळू म्हणाली. "कोणी नाही म्हणणार नाही तुम्हाले… घनश्यामभाऊ."

भाऊ.

भरल्या दुकानात, मामांसमोर, तो काय बोलणार होता? तिचं नाव घेतलं असतं तर उद्या नेरभर तिचीच चर्चा. तो नुसता मान हलवून बाहेर पडला. परत घरीही जाता येईना, एवढ्या लवकर कोणती पोरगी पाहून होते? संध्याकाळपर्यंत बस स्टँडवरच्या बाकावर बसून राहिला. मनाशी म्हणाला, उद्या येतो. एकट्यात सांगतो.

उद्या वेचणीला बाया मिळाल्या. परवाही मिळाल्या. कापूस फुटून लोंबत होता, वरून आभाळ भरून आलेलं. घरचा माणूस वावर सोडून जाऊ शकत नव्हता. आठवडा गेला. मग तो गेला तेव्हा काउंटरवर मामा होते. त्यांनी पेढा पुढं केला.

"निशिगंधाचं जमलं बाप्पा. पुसदचं स्थळ दिवाळीपासून मागं लागलं होतं, पोरगी काही हो म्हणत नव्हती. अन् त्या दिवशी तू येऊन गेला ना, त्याच सांजेले आपणहून म्हणाली, कळवून टाका. आता मायलेकी पुसदले चालल्या, लग्न तिकडंच हाय. स्टँडवरच असतीन."

घनश्याम पेढा हातात घेऊनच निघाला. अंगात रोजचाच शर्ट होता. पण आता रोजचाही इस्त्रीचाच असायचा.

बाजाराचा दिवस. स्टँडवर ही गर्दी. पुसदची गाडी लागलेली, लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरत होते, दाराशी पिशव्या, पोती, पोरं, कोंबड्या. आणि मधल्या एका खिडकीत ती. ओढणीला पिन, एक वेणी…

मी थांबलो. फुलचंदचा वस्तराही थांबला.

"मंग?" ऋतिकनं विचारलं.

बाकावर सगळे माझ्याकडे पाहत होते.

"मंग काय," मी म्हणालो, "घनश्याम घुसला गर्दीत. कोणाच्या पोत्यानं खिसा फाटला, कोणाच्या छत्रीनं केस विस्कटले, एक बूट तिथंच चिखलात राहिला. गाडी हालली. हा पळाला गाडीसोबत. खिडकीची दांडी धरली अन् म्हणाला, 'निशिगंधा, मी पाहायले निघालो होतो ते पोरगी तूच होती.' ती पाहतच राह्यली. डोळ्यांत पाणी, अन् ओठांवर तेच दाबलेलं हासू. म्हणाली, 'एवढं सांगायले एवढी इस्त्री कायले करायची? असंच यायचं असतं.' मंग तिनं कंडक्टरले हाक मारली. कंडक्टरनं दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी थांबली, अन् ती—"

"खोटं हाय, आबाजी."

फुलचंदनं वस्तरा बाजूला घेतला होता. घनश्यामच्या अर्ध्या गालावर फेस तसाच होता. तो आरशात पाहत होता, पण स्वतःकडे नाही.

"बाकीचं राहू द्या," तो म्हणाला. "एवढं खोटं हाय. खिडकी उघडीच होती. ती माह्याकडंच पाहून राह्यलती, गाडी हालेपर्यंत. गर्दी लय होती, आबाजी… अन् मी शर्ट चुरगळंल म्हणून घुसलो नाही."